हरीण मागे वळून पाहतं म्हणून मरत नाही

हा मेसेज तुम्हाला अजून आला नसेल, तर बहुधा तुमच्याकडे फोनच नसावा. मागे उगवत्या सूर्याचं चित्र आणि त्यावर पिवळी अक्षरं: "हरणाचा वेग ताशी ९० किलोमीटर, वाघाचा ताशी ६०. तरीही वाघ हरणाची शिकार करतो. का? कारण पळताना हरीण घाबरून सारखं मागे वळून पाहतं, त्यात त्याचा वेग कमी होतो आणि वाघ त्याला गाठतो. म्हणून भूतकाळाकडे वळून पाहू नका." कधी वाघाच्या जागी सिंह येतो, कधी ९० चे ८० होतात. उपदेश तोच. मध्यंतरी एका शाळेच्या बक्षीस समारंभात प्रमुख पाहुण्यांनी हाच मेसेज स्वतःचा विचार म्हणून ऐकवला आणि पोरांनी टाळ्याही वाजवल्या.

उपदेशाशी माझं भांडण नाही. ज्याला पुढे बघून चालायचंय त्यानं खुशाल चालावं. पण त्यासाठी हरणाची बदनामी कशाला? मेसेजमधलं एकेक विधान घेऊन बघू.

"हरणाचा वेग ताशी ९०"

पहिला प्रश्न, कुठलं हरीण? आपल्याकडच्या वाघाच्या वाट्याला येतात ती मुख्यतः चितळ आणि सांबर. सांबराचा नर दोन-अडीचशे किलोचा असतो. त्याला ९० ने पळवायचं म्हणजे म्हशीला मोटारसायकलच्या शर्यतीत उतरवण्यासारखं आहे. आपल्याकडचा खरा धावपटू म्हणजे काळवीट. त्याचा वेग पुस्तकांतून ताशी ८० च्या आसपास दिलेला असतो. पण काळवीट हरणांच्या कुळातलं नाही, ते कुरंग, म्हणजे गाई-शेळ्यांच्या कुळातलं. शिवाय ते उघड्या माळाचं जनावर. नगर जिल्ह्यात रेहेकुरीच्या माळावर काळवीट भरपूर आहेत, वाघ मात्र नाही. ९० च्या अगदी जवळ जाणारा प्राणी शोधायचा तर अमेरिकेत जावं लागतं. तिथला प्राँगहॉर्न ताशी ८८ पर्यंत पळतो असं मानतात. तोही हरीण नव्हे, आणि त्याच्या शंभर पिढ्यांत कुणी वाघ पाहिलेला नाही.

म्हणजे मेसेजनं अमेरिकेतल्या जनावराचा वेग घेतला, तो चितळाला चिकटवला आणि चितळाला वाघापुढे सोडलं.

पण हे ९० किंवा ८० आकडे येतात कुठून, हा भाग मला जास्त गमतीचा वाटतो. जनावरांच्या वेगाचे बरेच प्रसिद्ध आकडे कुणीतरी जीपच्या काट्यावरून, घड्याळावरून किंवा निव्वळ अंदाजानं दिलेले आहेत, आणि ते पुस्तकातून पुस्तकात उतरत गेलेत. साक्षात चित्त्याचंच बघा. शाळेत आपण ताशी ११० ते १२० असं घोकलं. १९५७ साली एका अमेरिकन मासिकात फ्लोरिडातल्या एका पाळीव चित्त्याच्या धावेवरून ताशी ७१ मैलांचा, म्हणजे ११४ किलोमीटरचा आकडा छापून आला. पुढच्या अभ्यासकांनी त्या मोजणीत खोट काढली, पण आकडा तोवर पळत सुटला होता. १९६५ मध्ये केनियात क्रेग शार्प यांनी माणसाळलेल्या चित्त्याला सुमारे २०० मीटर पळवून नीट मोजलं, तेव्हा ताशी १०४ भरले. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयातल्या सारा नावाच्या मादीनं १०० मीटर ५.९५ सेकंदांत कापले. त्या धावेतला तिचा सर्वांत मोठा वेग ताशी ९८ होता, पण पूर्ण शंभर मीटरची सरासरी काढली तर फक्त साठ. एकाच धावेतले हे दोन आकडे. मेसेज लिहिणाऱ्याला जो हवा तो उचलायला मोकळा.

हे सगळे माणसांत वाढलेले चित्ते, सपाट जमिनीवर, आमिषामागे धावलेले. रानातला चित्ता रोजच्या शिकारीत किती पळतो, हे कळायला २०१३ उजाडलं. बोट्सवानात अॅलन विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच चित्त्यांच्या गळ्यात खास पट्टे बांधून ३६७ धावा नोंदवल्या. सर्वांत मोठा वेग निघाला ताशी ९३. पण बहुतेक धावा त्याच्या आसपासही नव्हत्या. प्रत्येक धावेतला कमाल वेग घेऊन सरासरी काढली तर ती ताशी ५४ च्या आत-बाहेर येते, आणि धाव सरासरी १७३ मीटरची.

पुन्हा वाचा. जमिनीवरचा सर्वांत वेगवान प्राणी, पोट भरायच्या कामावर असताना, साधारण ५४ ने धावतो. आपल्या सिटी बसला मोकळा रस्ता मिळाला तर तीही त्याच्या बरोबरीनं जाईल.

समुद्रात तर याहून मौज. सेलफिश ताशी ११० ने पोहतो असं आजही अनेक तक्त्यांत असतं. हा आकडा शंभरेक वर्षांपूर्वी फ्लोरिडातल्या गळ टाकणाऱ्यांनी दिला. माशानं तीन सेकंदांत ९१ मीटर दोरी ओढून नेली म्हणे. दोरी रिळावरून सुटली म्हणजे मासा तेवढा पोहला, असं गृहीत धरलं की झालं! २०१६ मध्ये स्नायू किती झटपट आकुंचन पावतात यावरून हिशेब मांडला गेला, तेव्हा सेलफिशची कमाल मर्यादा सेकंदाला आठ-साडेआठ मीटर, म्हणजे ताशी तीस किलोमीटरच्या घरात आली. ११० चे ३०.

डोळ्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांची कमाल मात्र बोटफ्लायच्या गोष्टीत दिसते. ही हरणांना त्रास देणारी एक माशी. १९२० च्या दशकात चार्ल्स टाउनसेंड या कीटकतज्ज्ञानं तिचा वेग सेकंदाला ४०० यार्ड असल्याचं लिहिलं. म्हणजे ताशी १३०० किलोमीटरच्या वर, आवाजापेक्षाही जास्त! बरीच वर्षं हे छापून येत राहिलं. शेवटी १९३८ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल विजेते आयर्विंग लँगम्यूर यांनी माशीच्या आकाराचा धातूचा तुकडा दोऱ्याला बांधून गरगर फिरवला आणि कोणत्या वेगाला तो डोळ्यांना कसा दिसतो ते पाहिलं. नुसत्या हवेच्या दाबानं माशीचं डोकं चेपलं असतं, आणि तो वेग टिकवायला तिला दर सेकंदाला स्वतःच्या वजनाहून जास्त अन्न लागलं असतं, हेही त्यांनी गणितानं दाखवलं. त्यांचा अंदाज होता ताशी ४० किलोमीटर.

"वाघाचा वेग ताशी ६०"

याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. थोड्या अंतरासाठी वाघ तेवढा पळत असेल. प्रश्न एवढाच की तो किती वेळ पळतो. दोन-तीन सेकंद, फार तर काही सेकंद आणखी. दीड-दोनशे किलोचं धूड एका झेपेत हलवायचं तर स्नायू त्याच कामाचे असतात, लांब पाठलागाचे नव्हेत. मेसेजवाल्याला लांब पाठलागच हवा होता तर त्यानं रानकुत्र्यांचं उदाहरण घ्यायला हवं होतं. पण रानकुत्र्याचं चित्र स्टेटसला शोभत नाही.

"तरीही वाघ हरणाची शिकार करतो"

बहुतेक वेळा नाही करत. १९६० च्या दशकात जॉर्ज शॅलर यांनी कान्हामध्ये वाघांचा अभ्यास केला. त्यांच्या अंदाजानं वीस प्रयत्नांत एखादा साधतो. वीसातलं एक धरा, दहातलं एक धरा, हरणाच्या बाजूनं निकाल स्पष्ट आहे. मेसेज त्या एका हरणावर लिहिलाय. उरलेली एकोणीस पळून गेली, त्यांच्यावर कुणी सुविचार केला नाही.

आणि जे एक सापडतं, ते का सापडतं? मेसेजचेच दोन्ही आकडे खरे मानू. हरणाला शून्यावरून ९० गाठायला चार सेकंद लागतात, वाघाला ६० गाठायला दोन, असं हिशेबाच्या सोयीसाठी धरू. वाघ गवतात दबून बसलाय, आधी तो उठतो, आणि हरणाला कळून पाय उचलायला अर्धा सेकंद जातो. आता कागद-पेन्सिल घ्या. दोघांत १२ मीटर अंतर असेल तर साधारण २.४ सेकंदांत वाघ हरणावर असतो. त्या क्षणी हरणाचा वेग जेमतेम ४३ झालेला असतो. त्याचा तो ९० चा आकडा अजून दोन सेकंदांहून थोडा जास्तच पुढे आहे, आणि तो आता कधीच येणार नाही. हेच अंतर १५ मीटर केलं तर वाघ हरणापासून मीटरभर मागे राहतो. तिथून पुढे हरणाचा वेग वाढत जातो आणि वाघ नाद सोडतो.

तीन मीटर. सगळा फरक तेवढ्याचा. यात कुणी मागे वळून पाहिलेलं नाही, कुणी घाबरलेलं नाही, दोघांचा कमाल वेगही बदललेला नाही. वाघ अर्धा तास पोटावर सरपटत जातो तो हे तीन मीटर कमवायला.

आपल्याकडच्या जुन्या चित्तेवानांना हे पक्कं ठाऊक होतं. कोल्हापूर संस्थानात काळवीट मारायला चित्ते पाळत. भारतातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवले. पाळलेल्या चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घालून त्याला गाडीतून कळपाच्या जवळ न्यायचं आणि मग टोपी काढायची, अशी ती पद्धत. बैलगाडी रोज बघून काळविटांची भीड चेपलेली असायची, म्हणून गाडी जवळ जाऊ शकायची. जगातला सर्वांत वेगवान प्राणी हाताशी असूनही माणसं अंतर कमी करण्याच्या खटपटीत असायची. थोड्या अंतरात काळवीट हाती लागलं नाही तर चित्ता थांबायचा, आणि त्याला पुढे पळ म्हणून समजावण्यात अर्थ नसायचा.

"मागे पाहतं, म्हणून वेग कमी होतो"

मेसेजचा सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे, आणि नेमकं तेच सर्वांत कच्चं आहे.

माणसाचे डोळे समोर असतात, त्यामुळे मागे बघायला आपल्याला मान वळवावी लागते. वळवली की पाय अडखळतात. मेसेज लिहिणाऱ्यानं स्वतःचं डोकं हरणाच्या मानेवर बसवलंय. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि त्यांना एका वेळी जवळजवळ ३०० अंशांतलं दिसतं. अगदी पाठीमागची एक पट्टी सोडली तर समोरची वाट आणि मागून येणारा वाघ एकाच वेळी त्यांच्या नजरेत असतो. त्यांच्या बाहुल्या आडव्या असतात, आणि त्यामुळे जमिनीलगतचा दोन्हीकडचा पट्टा जास्त स्वच्छ दिसतो, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडलं आहे.

आणि वाघ नेमका कुठे आलाय हे माहीत असणं हरणाच्या फायद्याचंच आहे. त्याच विल्सन यांच्या गटानं २०१८ मध्ये बोट्सवानातल्या चित्ता-इंपाला (आफ्रिकेतलं एक कुरंग) आणि सिंह-झेब्रा या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन्ही जोड्यांत शिकारी भक्ष्याहून जोरकस निघाला: वेग पकडण्यात ३७ टक्के आणि वेग कमी करण्यात ७२ टक्के सरस. मग भक्ष्य वाचतं कसं? सरळ रेषेत जीव तोडून पळून नव्हे. ते थोडं कमी वेगानं पळतं आणि शिकारी अगदी अंगाशी आला की झटकन वळतं. कमी वेगात वळायच्या वाटा जास्त असतात. पूर्ण वेगात असलं की पुढचं पाऊल कुठे पडणार हे शिकाऱ्यालाही कळतं. म्हणजे वेग कमी ठेवणं आणि मागच्यावर डोळा ठेवणं, मेसेजनं ज्या दोन गोष्टींसाठी हरणाला नापास केलं, त्यांनीच ते वाचतं. शाळेत आट्यापाट्या खेळलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

राहता राहिली भीती. भीतीनं पाय गळतात हे माणसाचं. हरणाची भीती त्याला पळवते. ती नसती तर त्यानं वाघ दिसल्यावरही गवत खाणं चालू ठेवलं असतं.

ताडोब्यात सफारीला गेलेल्यांनी एक गोष्ट पाहिली असेल. गाइड हात वर करून गाडी थांबवतो, "कॉल आहे" म्हणतो. चितळ ओरडत असतं. शेपटी वर, एक पाय जमिनीवर आपटत, कान पुढे. ते पळत नसतं. वाघ ज्या झाडोऱ्यात आहे त्या दिशेला तोंड करून ते टक लावून उभं असतं, आणि कळपातली बाकीचीही हळूहळू तिकडेच माना करतात. आपण दिसलो हे वाघाला कळतं. थोडा वेळ तो तसाच बसून राहतो, मग उठतो आणि कुणाकडेही न बघता दुसरीकडे निघून जातो.