‘पोरीच्या गळ्यात क्लब कशाला मारला?’ – एका प्रतिक्रियेला लांबलेलं उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी वाचली, डोकं फिरलं, उत्तर टाइप केलं, पुसलं, दोन दिवसांनी परत वाचली तेव्हा निम्मा राग गेलेला होता. उरलेला निम्मा अजून आहे, तेव्हा मधेच कुठे आवाज चढला तर सांभाळून घ्या.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की मी शाळेत असल्यापासून टॉटनम या लंडनच्या फुटबॉल क्लबचा, म्हणजे स्पर्सचा फॅन आहे, लेकीला धड बोलता येत नव्हतं तेव्हाच तिला पांढरी जर्सी घातली, आणि २०२३ मध्ये आमचा स्ट्रायकर हॅरी केन क्लब सोडून गेला तेव्हा पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. त्यावर तुमचं म्हणणं असं की हे प्रेम नाही, ब्रेनवॉशिंग आहे. मुलांना स्वतः निवडू द्यावं. द्यायचाच होता तर जिंकणारा क्लब द्यायचा, मँचेस्टर सिटी वगैरे, हा हरणारा कशाला. आणि शेवटी क्लब म्हणजे एक कंपनी, कंपनीसाठी कोण रडतं.

आधी निवडीचं बघू. तुम्हाला वाटतं की मी बसून विचार करून क्लब निवडला आणि तो हक्क पोरीला मात्र दिला नाही. अहो मी कुठे निवडला? १९९४ चा ऑगस्ट. युर्गेन क्लिन्समन नावाचा जर्मन स्ट्रायकर स्पर्सला आला, पेनल्टी मिळवायला मुद्दाम पडतो म्हणून इंग्लंडमध्ये आधीच बदनाम, आणि शेफील्ड वेन्सडेविरुद्धच्या पहिल्याच मॅचमध्ये त्याने गोल केला आणि पळत जाऊन गवतावर पोटावर सूर मारला, मागून अख्खी टीम पण तशीच. स्वतःचीच टिंगल. मी पेपरात तो फोटो बघितला, अकरा वर्षांचा होतो, आणि झालं, खेळ संपला. स्कोअर ४-३ होता हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. त्या दिवशी त्या पानावर दुसऱ्या कुणाचा फोटो असता तर आज मी दुसऱ्याच क्लबसाठी तुमच्याशी वाद घालत बसलो असतो. म्हणजे मला पेपरच्या पानाने दिला आणि पोरीला बापाने दिला, एवढाच फरक. बापाने दिलं तर ते ब्रेनवॉशिंग आणि पेपरातल्या फोटोने केलं तर ती निवड, हे काही मला पटत नाही. बाळकडू कुणी विचारून पाजत नाही.

सिटीचं तर तुम्ही बोलायलाच नको होतं. १९९८-९९ मध्ये सिटी वरून तिसऱ्या पायरीच्या लीगमध्ये खेळत होती. मे १९९९ मध्ये त्याच शहरातल्या युनायटेडने ट्रेबल, म्हणजे एकाच सीझनमध्ये तीन मोठ्या ट्रॉफ्या, मारली, बार्सिलोनात जर्मनीच्या बायर्न म्युनिकला शेवटच्या मिनिटांत हरवून, आणि त्यानंतर चारच दिवसांनी सिटी वेम्बलीवर गिलिंगहॅमशी प्लेऑफ फायनल खेळत होती, कशासाठी तर वरून दुसऱ्या पायरीवर जायला. ८७ मिनिटं झाली तेव्हा ०-२. लोक उठून घरी निघाले होते. मग एक गोल झाला, आणि ९५व्या मिनिटाला पॉल डिकॉव्हने दुसरा मारला, पुढे पेनल्टीवर जिंकले. आता विचार करा, त्या वर्षी ज्या बापांनी पोरांना सिटीची आकाशी जर्सी घालून शाळेत पाठवलं असेल, आणि वर्गात सगळीकडे युनायटेडची लाल, त्यांना पण तुमच्यासारखं कुणीतरी म्हणालंच असेल की कशाला पोराचे हाल करतोस. जिंकणारा क्लब द्यायचा म्हणजे नक्की कोणत्या वर्षी जिंकणारा?

दुःखाचं म्हणाल तर हो, पराभव आमच्या पाचवीला पुजलेला आहे, त्यात काही खोटं नाही. २००८ मध्ये लीग कप जिंकलो आणि मग बसलो वाट बघत. २०१५ ला लीग कपची फायनल हरलो, २०२१ ला परत हरलो, आणि त्या वेळी तर फायनलला सहा दिवस उरले असताना क्लबने मॅनेजरला काढला, मॅनेजर कोण तर ट्रॉफ्या जिंकण्यासाठीच ज्याला आणलं होतं तो जोजे मोरिन्यो. हे मी मनाने रचलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात काहीही फेकतोय.

आणि मधे २०१९. चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, समोर आयॅक्स, घरची मॅच ०-१ हरलेलो, ॲमस्टरडॅममध्ये हाफ टाइमला अजून ०-२. केन जखमी. मग लुकास मोराने सेकंड हाफमध्ये तीन मारले, तिसरा ९६व्या मिनिटाला, आणि आम्ही फायनलला. आमचा मॅनेजर पोचेट्टिनो मैदानावर गुडघ्यावर बसून रडत होता आणि इकडे मी इतक्या जोरात ओरडलो की आतल्या खोलीत झोपलेली सहा वर्षांची पोरगी दचकून किंचाळत उठली. तिला त्या मॅचबद्दल विचारलं तर आजही एवढंच सांगते की बाबा ओरडला आणि मला वाटलं चोर आला. फायनलचं काय झालं ते माहीत असेलच. पहिल्या अर्ध्या मिनिटात आमच्या सिसोकोच्या हाताला बॉल लागला, पेनल्टी, लिव्हरपूलच्या सालाहने गोल केला, संपलं. त्या रात्री ती माझ्या मांडीवर झोपली होती, ते एक बरं झालं.

कंपनीचा मुद्दा. एप्रिल २०२१ मध्ये बारा श्रीमंत क्लबांनी सुपर लीग काढायचं जाहीर केलं, त्यात आमचा पण होता, तेव्हा मी स्वतः जर्सी कपाटात कोंबली होती आणि इंग्लंडमधल्या सहाही क्लबांनी दोन दिवसांत माघार घेतली तरी ती बरेच दिवस बाहेर काढली नाही. मालकांबद्दल माझं मत तुमच्यापेक्षा वाईटच असेल, चांगलं नाही. पण मालक म्हणजे क्लब का? २००२ मध्ये विम्बल्डन एफसी या लंडनच्या क्लबला तिथून उचलून मिल्टन कीन्सला न्यायची परवानगी मिळाली. कंपनी गेली, लीगमधली जागा गेली, खेळाडू गेले. उरले फक्त सपोर्टर. त्यांनी नवा क्लब काढला, मोकळ्या मैदानात ट्रायल घेऊन टीम उभी केली, अगदी खालच्या लीगमधून सुरुवात केली आणि २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये परत आले. २०२० मध्ये प्लाउ लेनला, जुन्या जागेपासून हाकेच्या अंतरावर, स्वतःचं स्टेडियम बांधून घरी आले. कागदावरची कंपनी तर मिल्टन कीन्सला गेली होती ना, मग हा सगळा खटाटोप कुणी केला? जाऊ दे, यावर मी रात्रभर बोलेन.

आता तुमचं जिथे बरोबर आहे तिकडे येतो. खरं तर त्यासाठीच हे उत्तर लिहायला बसलो, बाकी सगळं हात गरम करायला.

केन अकरा वर्षांचा असताना स्पर्सच्या अकॅडमीत आला. २८० गोल, जिमी ग्रीव्ह्जचा २६६ चा रेकॉर्ड पन्नासहून जास्त वर्षं टिकला होता तो त्याने मोडला, आणि ट्रॉफी एक पण नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये तो बायर्न म्युनिकला गेला. पोरगी दहा वर्षांची, पाठीवर १० नंबर आणि त्याचं नाव असलेली जर्सी तिने त्या उन्हाळ्यात अंगावेगळी केली नव्हती. तिने मला विचारलं, बाबा, तो गेला म्हणजे आपण पण तिकडे जायचं का?

मी म्हटलं, आपण जात नसतो. जाणारे जातात. आणि एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं, पण पुढे म्हणालो, आता त्याचं नाव घरात काढायचं नाही.

मागच्या लेखात मी हे वाक्य लिहिलं नव्हतं. ती जेवली नाही एवढंच लिहिलं आणि वाचणाऱ्यांना वाटलं की बघा किती निष्ठा. तुम्हाला मात्र काहीतरी खटकलं. काय खटकलं ते तुम्ही चुकीचं ओळखलंत, पण खटकलं ते बरोबर.

म्हणजे बघा, १९९५ मध्ये क्लिन्समन एकच सीझन खेळून कुठे गेला? बायर्नलाच. आमचे तेव्हाचे चेअरमन ॲलन शुगर यांनी टीव्हीवर त्याची जर्सी भिरकावली आणि म्हणाले की हिने मी गाडीसुद्धा धुणार नाही. मी भिंतीवरचा त्याचा फोटो काढला आणि फाडला. ज्या फोटोमुळे क्लब मिळाला तोच. मला कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला, पण मोठी माणसं अशीच वागतात असं दिसलं म्हणून केलं. आणि मग अठ्ठावीस वर्षांनी, त्याच बायर्नच्या नावाने, मी तीच गोष्ट पोरीला आयती शिकवत होतो. क्लबबरोबर मी तिला माझी अढी पण देत होतो, आणि ती तिला नको होती.

पुढे काय झालं तर ती बायर्नच्या मॅचेस चोरून बघायला लागली. अभ्यासाला म्हणून टॅब घेऊन आत जायची. मला कळलं तेव्हा मी काही चिडलो वगैरे नाही, फक्त विचारलं की लपवलंस का. तर म्हणाली, तुला वाईट वाटेल म्हणून. दहा वर्षांची पोर बापाला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलत होती, आणि ते पण एका फुटबॉलच्या क्लबवरून. हे वाक्य लिहिताना पण कान गरम होतायत.

तर तो नियम त्या दिवशी मी मागे घेतला. तिने लगेच पैज लावली (पोरं बापाचा पडलेला चेहरा बरोबर हेरतात), की आधी ट्रॉफी कुणाला, केनला की स्पर्सला. हरलं तर समोरचा म्हणेल ती जर्सी आणायची. मी हो म्हणालो, कारण पहिल्या सीझनला तर बायर्नला पण काहीच मिळालं नाही, लेव्हरकुसेनने जर्मन लीग मारली, तेव्हा मला उगाच वाटायला लागलं होतं की केन जाईल तिथे आमचं नशीब घेऊन जातो.

मग आलं २०२५. आमचा सीझन असला भयंकर की प्रीमियर लीगमध्ये २२ मॅचेस हरलो, ३८ पॉइंट, टेबलात १७वे, आमच्या खाली फक्त खालच्या लीगमध्ये ढकलले गेलेले तीन. आणि तरी युरोपा लीगची फायनल, बिल्बाओमध्ये, समोर युनायटेड. २१ मे. ब्रेनन जॉन्सनचा गोल, गोल कसला, ढकलाढकलीत बॉल आत गेला. एकदाचं घोडं गंगेत न्हालं, १७ वर्षांनी. आमचा कॅप्टन सन हातात ट्रॉफी घेऊन रडत होता आणि मी पण. पोरगी रडत नव्हती. ती रिवाइंड करून करून मिकी फान द फेनने हॉयलुंडचा हेडर गोललाइनवरून हवेत उडी मारून पायाने बाहेर काढला तेच बघत होती. म्हणे गोल तर कुणीही मारतं. तिला शाळेच्या टीममध्ये डिफेन्सला खेळायचंय, हे मला त्या रात्री कळलं.

पैज मात्र मी हरलो, १७ दिवसांच्या फरकाने. ४ मेला लेव्हरकुसेनची मॅच ड्रॉ झाली आणि बायर्न घरबसल्या चॅम्पियन झाले. आदल्या दिवशी मैदानावरच काम झालं असतं, पण लाइपझिगने शेवटच्या क्षणी ३-३ केलं, आणि केन सस्पेंड होता म्हणून बाहेरून बघत होता. ट्रॉफी मिळाली ती पण अशी. हे मात्र अगदी आमच्या स्पर्सच्या स्टाइलने झालं, हे तिला पण मान्य आहे.

लाल जर्सी आणली. ९ नंबर, केन. स्पर्सची मॅच चालू असताना ती घालून सोफ्यावर बसायचं नाही एवढीच माझी अट आहे, आणि ती पाळत नाही.