वाचता येणारी क्वेरी स्लोच असते म्हणे!

आपल्या नागपूरच्या आयटीवाल्यांमध्ये एक मेसेज लय फिरून राहिला. डेटाबेसच्या क्वेरीत, म्हणजे त्याच्याकडून माहिती मागायच्या कोडमध्ये, वाचायला सोपा कोड म्हणजे स्लो कोड, म्हणून सीटीई (विथ लिहून आधीच नाव दिलेली मधली क्वेरी) टाळा, नावं छोटी ठेवा, फंक्शनं बनवू नका, वाचणारा बघून घेईल त्याचं. मिहानपासून परसोडीपर्यंत सगळे पुढं ढकलून राहिले, डेटाबेस क्वेरी कशी चालवणार याचा प्लॅन कोणी उघडून पाहत नाही.

सीटीईचं आधी घेऊ. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये हे एकेकाळी खरं होतं ना भाऊ, विथमधली क्वेरी वेगळी चालायची, निकाल बाजूला साठवला जायचा आणि बाहेरची व्हेअरची, म्हणजे कोणत्या रो घ्यायच्या याची, अट आत पोहोचायचीच नाही. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हर्जन १२ आलं, तेव्हापासून सीटीई रिकर्सिव्ह (स्वतःलाच बोलावणारी) नसेल, साइड इफेक्ट (डेटा बदलणं वगैरे) नसतील आणि एकदाच वापरली असेल तर प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) तिला मुख्य क्वेरीतच मिसळून टाकतो, आणि साठवूनच पाहिजे असेल तर मटेरियलाइज्ड लिहायची सोय आहे. एसक्यूएल सर्व्हर या दुसऱ्या डेटाबेसचं उलटं, तिथं सीटीई साठवलीच जात नाही, दोनदा वापरली तर दोनदा चालू शकते, तेव्हा तिथं टेम्प टेबल, म्हणजे निकाल ठेवायचं तात्पुरतं टेबल, बरं. म्हणजे "नेहमी स्लो" हे कुठंच बसत नाही.

छोट्या नावांचं तर काय बोलावं! डेटाबेसनं क्वेरी वाचून समजून घेतली (पार्सिंग) की अलायस, म्हणजे टेबलाचं टोपणनाव, "अ" होतं की "आवक", प्लॅनरला काही फरक नाही. कॉमा टाकून टेबलं जोडणारा जुना जॉइनही फास्ट नाही, इनर जॉइनसारखाच प्लॅन निघतो, फक्त व्हेअरमधली अट विसरलात तर गुपचूप कार्टेशियन गुणाकार होतो, म्हणजे एका टेबलातला प्रत्येक रो दुसऱ्यातल्या प्रत्येक रोशी जोडला जातो. जॉइन लिहून ऑन (जोडायची अट) विसरलात तर बहुतेक डेटाबेस तिथंच एरर देतात.

फंक्शनच्या मुद्द्यात मात्र दम आहे, खोटं काहून बोलू. समजा कळमन्यातल्या संत्र्याच्या आवकेचं टेबल आहे, तारखेवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) आहे, आणि २०२३ ची आवक पाहिजे म्हणून व्हेअरमध्ये तारखेवर इअर (वर्ष काढणारं) फंक्शन लावलं, तर साधा इंडेक्स शोधायला कामाचा राहत नाही. १ जानेवारी २०२३ पासून, १ जानेवारी २०२४ च्या आधी, अशी रेंज द्या, इंडेक्स लागू शकतो. आता सांगा बे, यात वाचायला अवघड काय आहे? एसक्यूएल सर्व्हरमधलं स्केलर (एकच किंमत देणारं) फंक्शनही प्रत्येक रोसाठी चालायचं, २०१९ च्या व्हर्जनपासून त्यातली काही इनलाइन होतात, म्हणजे क्वेरीतच मिसळतात, सगळी नाही.

आणि कर्सर फिरवून एकेक रो अपडेट करणारा कोड पाहिलाय ना? तोच एका अपडेट स्टेटमेंटमध्ये लिहिला की बहुतेक वेळा लहानही होतो आणि पळतोही.

"वाचणारा बघून घेईल" म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं, डेटा वाढल्यावर ती क्वेरी ट्यून कोण करणार? तोच वाचणारा ना! चारशे ओळींच्या त्या गुंत्यात जुना हिंट (प्लॅनरला दिलेली सूचना) कशासाठी टाकलाय हेच कळत नाही, मग तो काढायची हिंमत कोणी करत नाही आणि क्वेरी तशीच रांगत राहते.

तर मेसेज पुढं ढकलायच्या आधी दोन्ही रूपं खऱ्या आकाराच्या डेटावर एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ करून पाहा, म्हणजे प्लॅन आणि लागलेला वेळ दोन्ही दिसतात. एवढं ध्यानात ठेवा, पोस्टग्रेसमध्ये ते क्वेरी खरंच चालवतं हं, अपडेट-डिलीट असेल तर आधी बिगिन, नंतर रोलबॅक, म्हणजे केलेला बदल परत मागे.