धरलंय मी, घाबरू नका

परवा बोपदेव घाटात एका सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांनी माझ्या सायकलची सीट मागून धरली. चालत्या सायकलची. माझा राग अजून गेलेला नाही. घरी येऊन हा प्रकार सांगितला तर बायकोने पहिला प्रश्न विचारला, "त्यांना काही लागलं नाही ना?"

सायकल का घेतली हा भाग मी गाळतो. रक्ताच्या रिपोर्टात एका आकड्यापुढे बाण आला होता, एवढं पुरे. पंचेचाळिशीनंतर पुण्यातला माणूस एक तर सायकल घेतो किंवा दर रविवारी सिंहगड चढायला लागतो, आणि सिंहगडावर माझे मेहुणे जातात.

दुकानातल्या पोराने सायकल देताना नीट समजावलं होतं. "काका, लगेच घाट नको. आधी सपाटीला चालवा. आठवड्यातून तीन-चारदा, तासभर, गप्पा मारता येतील अशा वेगाने. वाक्य तुटायला लागलं की समजायचं, जास्त होतंय. पाया झाला की मग चढ." सल्ला सोळा आणे खरा. पण सकाळी सातनंतर या शहरात तासभर सपाट रस्ता मिळणार कुठे, ते त्याने सांगितलं नाही. आमच्या भागात सायकल मार्ग म्हणून जे रंगवलंय, त्यावर सकाळी दुधाचे क्रेट असतात, दुपारी चारचाकी असतात आणि संध्याकाळी पाणीपुरीवाला असतो. गाड्या शिरू नयेत म्हणून सुरुवातीला लोखंडी खांब ठोकलेत. त्यांच्यामधून बाईकवाले आरामात जातात, माझं हँडल अडकतं. आणि शेवटी तो मार्ग थेट एका वडाच्या बुंध्याशी संपतो.

हे ते शहर, ज्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणायचे. २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर झाला, त्याच वर्षाच्या अखेरीस भाड्याच्या सायकली रस्त्यावर आल्या. त्या सायकली पुढे गायब झाल्या, आराखडा असेल कुठल्या तरी कपाटात. २०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली, ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यत, आणि तिच्यासाठी रस्ते असे काही गुळगुळीत झाले की वाहनचालक बावचळले. म्हणजे जमतं सगळं. फक्त परदेशातून पाहुणे यावे लागतात. मी परदेशातून येत नाही, मी बिबवेवाडीतून येतो.

तर सपाटीवर जागा नाही म्हणून नवशिक्याने उजाडताना घाट गाठायचा, असा हा उलटा अभ्यासक्रम आहे. कोंढवा, येवलेवाडी मागे टाकली की चढ लागतो. चढ लागायच्या आधी हलका गिअर टाकायचा असतो, पेडलवर जोर असताना टाकला तर चेन करकरते किंवा सरळ उतरते. तो मी वेळेवर टाकला होता. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे जे झालं ते माझ्या अज्ञानामुळे झालं असं कुणी म्हणायला नको.

पहिल्या मोठ्या वळणानंतर डाव्या बाजूला कानटोपी दिसली. कानटोपीखाली स्वेटर, हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी आणि पिशवीत नारळ. काका पायी कानिफनाथाला निघाले होते. मी त्यांना गाठलं. गाठलं म्हणजे शेजारी आलो. ओलांडून पुढे जाणं काही जमेना, कारण माझ्या मीटरवर साडेपाचचा आकडा होता आणि काकाही ताशी साडेपाचनेच चालत होते.

"नवीन दिसतेय," काका म्हणाले.

"हो."

"गिअरची?"

"हो."

"किती?"

"सोळा."

"आत्ता कितवा?"

"पहिला."

"अहो, मग पंधरा शिल्लक आहेत की! टाका ना पुढचा."

"हाच... हलका."

काकांनी थोडा विचार केला. "मग बाकीचे पंधरा कशाला घेतलेत?"

याला उत्तर आहे, पण ते पूर्ण वाक्याचं आहे आणि माझ्याकडे एका वेळी एका शब्दाचा दम होता. दुकानातल्या पोराच्या परीक्षेत मी तिथेच नापास झालो होतो. काकांचा श्वास मात्र तसूभर हलला नव्हता. त्यांनी सायकलीची पाहणी सुरू केली. स्टँड नाही? मडगार्ड नाही? कॅरिअर? घंटी तरी? मग किती पडली? मी घरी सांगितलेला आकडा सांगितला, म्हणजे खऱ्याच्या साधारण निम्मा. काका चालता चालता थांबले, आणि माझ्या मनात आशेचा किरण उगवला. पण दोन ढांगांत ते पुन्हा शेजारी हजर.

"एवढ्यात त्यांनी स्टँडसुद्धा दिलं नाही?"

मग नाव. मी नाव सांगितलं आणि आडनावापर्यंत पोचायच्या आत पुढचं वळण आलं. आडनाव कळल्यावर मूळ गाव. गाव कळल्यावर त्या गावातले त्यांचे एक साडू, ते साडू आता नसल्याची बातमी, आणि कसे गेले त्याचा सविस्तर वृत्तान्त. मी कसाबसा "अरेरे" म्हणालो. त्याला दोन श्वास लागले.

मग थांबला का नाहीत, असं विचारणारे लोक सायकलवर बसलेले नसतात. चढावर एकदा पाय टेकला की पुन्हा निघणं जीवावर येतं. आणि वेग वाढवावा तर हिशोब बघा. मी अठ्ठ्याहत्तर किलो, सायकल तेरा. शंभर मीटरला सात मीटर चढणाऱ्या रस्त्यावर हे ९१ किलोचं ओझं ताशी सहाने वर न्यायचं तर नुसत्या गुरुत्वाकर्षणापोटी शंभरहून जास्त वॅट लागतात. म्हणजे माझ्या दोन्ही मांड्या मिळून जिन्यातला जुना पिवळा बल्ब. काकांपासून सुटायचं तर ताशी बारा हवेत, त्याला दोन बल्ब लागतात, आणि दुसरा बल्ब माझ्या घराण्यात कुणाकडेच नाही. सपाटीवर सायकलवाला हातून निसटतो. चढावर तो कुणाच्याही तावडीत सापडतो, आणि पुण्यात सापडलेल्या माणसाला सल्ल्याशिवाय सोडत नाहीत.

"आम्ही खडकीला फॅक्टरीत जायचो," काका सांगत होते. "बिनगिअरची. पुढे मुलगा, मागे ही, हँडलला डबा. पालिकेचा बिल्ला असायचा सायकलला, पितळी. रात्री दिवा नसला की पोलीस हवा सोडायचा. तुमच्या सायकलला दिवा आहे?"

"आहे."

"बिल्ला?"

चढ जरा वाढला. मीटर पाचवर आला, हँडल डावी-उजवीकडे डुलायला लागलं. काकांनी ते पाहिलं. काठी बगलेत मारली.

"थांबा, जरा हात लावतो."

"नको... काका..."

हे दोन शब्द पूर्ण होईपर्यंत हात सीटवर पडला होता.

"धरलंय मी, घाबरू नका. समोर बघा. खाली नाही बघायचं. हँडल सैल सोडा."

ही वाक्यं यापूर्वी मी इयत्ता चौथीत ऐकली होती. तेवढ्यात मागून सायकलवाल्यांचा एक घोळका आला. एकसारख्या जर्सी, चकचकीत पाय, आपसांत कुठल्या तरी लग्नाबद्दल अखंड वाक्यांत गप्पा. जाता जाता एक जण ओरडला, "एक नंबर, काका!" तो कुणाला म्हणाला याचा मी बराच विचार केला. मला नव्हे. पाठोपाठ एक स्कूटर गेली, तिच्यावर पुढे उभी असलेली छोकरी वडिलांना मोठ्याने म्हणाली, "बाबा, ते आजोबा त्या काकांना सायकल शिकवतायत." वडिलांनी मान वळवून बघितलं. चांगलं पाच सेकंद बघितलं.

खरी गंमत मला मीटरने सांगितली. हात लागल्यापासून आकडा वाढायला हवा होता. तो पाचावरून साडेचारवर आला. आणखी एक चढ, चारावर आला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काका मला ढकलत नव्हते. मी काकांना ओढत होतो. काकांचा पिशवीतला नारळसुद्धा मी ओढत होतो.

"आता बघा कसं झकास चाललंय," मागून आवाज आला. "मलाही जरा सोपं पडतंय."

आम्ही असेच वर पोचलो.

वर टपरी आहे. मी सायकल दगडाला टेकवली (स्टँड नाही) आणि वाकून उभा राहिलो. काका सरळ टपरीवाल्याकडे गेले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "यांना वर आणलं."

टपरीवाल्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि पहिला चहा काकांना दिला. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. फ्रान्सच्या शर्यतीत तसल्या वीराला १९७५ पासून लाल ठिपक्यांची जर्सी मिळते. बोपदेवचा राजा कोण, याबद्दल त्या टपरीवर दुमत नव्हतं. बाकड्यावरच्या एकाने तर काकांना वय विचारलं आणि "वाटत नाही हो" म्हणाला. माझं वय कुणी विचारलं नाही.

मी बोलायचं ठरवलं. आता दम परत आला होता, अख्खं वाक्य तयार होतं, त्यात 'वस्तुतः' हा शब्दही होता. पण काका तोवर कानिफनाथाच्या गाभाऱ्याकडे वळले होते. तिथे शर्ट आणि पट्टा काढून चिंचोळ्या झरोक्यातून सरपटत आत जावं लागतं. "तुम्ही या एकदा," ते म्हणाले, माझ्या पोटाकडे बघून थोडे थांबले, आणि म्हणाले, "या उन्हाळ्यानंतर."

आणि निघाले. चहाचे पैसे मी दिले, दोन्ही कपांचे. वर क्रीमरोल खाल्ला होता त्यांनी, त्याचेही.

पुढच्या शनिवारी मी दिवे घाटाने जाणार आहे. तिथे ट्रक फार असतात, धूर असतो, धोकाही आहे, बायको नको म्हणते. पण आजवर एकाही ट्रकने मला आडनाव विचारलेलं नाही.