नाना, गुळाच्या ड्रममध्ये मायकोरायझा वाढत नाही

रावेर-यावलकडच्या केळीवाल्या शेतकरी ग्रुपांवर सध्या मायकोरायझाबद्दल, म्हणजे मुळात राहून झाडाला स्फुरद (फॉस्फरस) आणून देणाऱ्या बुरशीबद्दल, एक मेसेज फिरतोय. आमच्या नानांनी तो मला तीनदा पाठवला. मजकूर थोडक्यात असा: ‘मायकोरायझा म्हणजे झाडाचं टॉनिक. ही बुरशी हार्मोन सोडते, झाड दुप्पट वाढतं. करपा, मर, हरण्या, सगळं बंद. कुठल्याही पिकाला चालतं. डीएपीसोबत टाका, डबल फायदा. एकदाच किलोभर घ्या, 200 लिटर पाण्यात 2 किलो गूळ टाकून सात दिवस ठेवा, पुन्हा विकत घ्यायचं कामच नाही.’

आधी ड्रमचंच घेतो, कारण नानांनी तो भरूनसुद्धा ठेवलाय. गुळावर ट्रायकोडर्मा ही दुसरी बुरशी वाढते, जिवाणू वाढतात. मायकोरायझा वाढत नाही. ही बुरशी फक्त जिवंत मुळात शिरून जगते. स्वतःला लागणारी स्निग्धाम्लंसुद्धा तिला स्वतःला बनवता येत नाहीत, ती झाडाकडून घ्यावी लागतात. म्हणून ती तयार करताना कुंडीत ज्वारी-मक्यासारखं पीक लावून त्याच्या मुळांवर वाढवतात, नाहीतर प्रयोगशाळेत गाजराच्या मुळांवर. सात दिवसांनी ड्रमला जो आंबूस वास सुटतो, तो यीस्टचा आणि जिवाणूंचा. ते ओतल्याने बागेचं बिघडणार नाही, पण त्याला मायकोरायझा म्हणू नका.

आता हार्मोन. मेसेजमध्ये अर्धं खरं असेल तर ते इथे आहे, आणि गोष्टही मजेदार आहे. 1966 साली शास्त्रज्ञांनी कपाशीच्या मुळांतून पाझरणारा एक पदार्थ वेगळा केला, स्ट्रायगॉल. त्याने टारफुल्याचं बी उगवतं. टारफुला म्हणजे ज्वारीच्या मुळांवर बसून तिला शोषणारं तेच तण. पण मुळं आपल्याच वैऱ्याला आवतण का धाडतील? याचा उलगडा व्हायला जवळजवळ चाळीस वर्षं गेली. 2005 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की याच गटातल्या, म्हणजे स्ट्रायगोलॅक्टोन गटातल्या, पदार्थाने मायकोरायझाच्या तंतूंना भराभर फांद्या फुटतात. म्हणजे आवतण बुरशीला होतं, टारफुला भिंतीला कान लावून बसला होता. 2008 मध्ये आणखी कळलं की स्ट्रायगोलॅक्टोन हा झाडाचा स्वतःचाच हार्मोन आहे. झाडाच्या आत तो बाजूच्या फांद्या फुटायला आवर घालतो.

तेव्हा हाक आधी झाडच मारतं, तेही स्फुरदाची उपासमार झाली की. बुरशी आपल्या रेणूंनी उत्तर देते, मग मूळ तिला आत घेतं. आत आल्यावरही लगाम झाडाच्याच हातात. जिब्रेलिन हा झाडाचा दुसरा हार्मोन वाढला की मुळाच्या पेशींत बुरशीने फुटवलेली झुडपासारखी जाळी कमी होते. प्रयोगात बाहेरून जिब्रेलिन दिलं तरी तेच दिसलं. या पाहुणीचा खर्चही आहे. पानांनी बनवलेल्या अन्नातला साधारण 4 ते 20 टक्के वाटा ती घेते. जमिनीत स्फुरद मुबलक असेल, तर झाडाला हा खर्च अंगावर पडतो आणि वाढ उलट किंचित कमीही होऊ शकते. ‘दुप्पट’ कुठून आलं, ते मेसेज लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

यातूनच डीएपीचा मुद्दा निकालात निघतो. डीएपी या खतात 46 टक्के स्फुरद. त्याचा भरघोस डोस दिला की झाडाची भूक भागते, स्ट्रायगोलॅक्टोन घटतं, दार बंद. डबल फायदा म्हणत आपण पाहुणीला बोलावतो आणि बाहेरून कडीही घालतो. आपल्या तापीकाठच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो. मुळाच्या भोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा थर रिकामा झाला की मूळ तिथेच अडतं. बुरशीचे तंतू त्यापुढे काही सेंटिमीटर जाऊन स्फुरद आणतात. आणतात, तयार करत नाहीत. माती परीक्षण करून डोस बेताचा ठेवला, तरच तिला काम उरतं.

रोगांबाबत सगळंच खोटं नाही. बुरशी मुळात बसली की झाडाची जॅस्मोनिक आम्ल या हार्मोनशी जोडलेली संरक्षण-यंत्रणा सावध राहते. हल्ला झाला की प्रतिकार लवकर होतो. काही मूळकुजव्या बुरशी, सूत्रकृमी, पानं कुरतडणाऱ्या अळ्या यांच्याबाबत प्रयोगांत त्याचा फायदा दिसलाय. पण हरण्या हा केळीचा विषाणूजन्य रोग आहे, मावा तो पसरवतो. विषाणूंच्या काही प्रयोगांत मायकोरायझा असलेल्या झाडात विषाणू उलट जास्त वाढला. हरण्याचं झाड दिसलं की उपटून पुरायचं, बागेत काकडी-भोपळा घ्यायचा नाही. करप्याची पानं कापायची. आणि एक चीड आणणारी गोष्ट: याच ग्रुपवर मायकोरायझानंतर आठवड्याने कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी, म्हणजे ते मुळाशी ओतायला, सांगतात. ते या बुरशीलाही मारक आहे.

‘कुठल्याही पिकाला’ याचं उत्तर मी डोळ्यांनी पाहिलंय. एका ओळखीच्या प्राध्यापकांनी माझ्या शेतातली मुळं कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळली, मग व्हिनेगर आणि पेनच्या शाईत बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. ज्वारीच्या मुळात पेशीपेशीत निळी झुडपं, दाट, फांद्याफांद्यांची. शेजारच्या वाफ्यातल्या कोबीचं मूळ कोरं करकरीत. कोबी, फ्लॉवर, मोहरी, मुळा, पालक, बीट यांच्याशी या बुरशीचं जमतच नाही. तिथे पैसे घालू नका.

केळीशी मात्र जमतं. टिश्यू कल्चरचं रोप निर्जंतुक बाटलीतून आलेलं असतं, मुळात काहीच नसतं. ते कडक करताना, म्हणजे बाहेरच्या हवेची सवय लावताना, किंवा लावताना मुळाला चिकटेल असं मायकोरायझा खड्ड्यात टाकलं, तर अर्थ आहे. नाना यंदाच्या मृगबागेत, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर लावायच्या केळीत, तसं करतो म्हणाले, ड्रमचं पाणी मात्र ओतणारच म्हणाले, बांधावरच्या लिंबाला. दोन ओळी मायकोरायझाविना सोडायला मी त्यांना राजी केलंय. त्या ओळींच्या पहिल्या खुंटाला पिवळी चिंधी बांधून आलो. निसवण सुरू झाली, म्हणजे घड बाहेर पडू लागले, की दोन्हीकडचे घड मोजणार आहोत.