‘२१ दिवस काढा घ्या, बीपीची गोळी कायमची सुटेल’ या मेसेजला माझं उत्तर

परत तोच मेसेज फिरतोय. अर्जुनसाल, लसूण, ज्येष्ठमध आणि सर्पगंधा एकत्र उकळून २१ दिवस घ्या, बीपीची गोळी कायमची सुटेल, सुरुवातीला गोळीसोबत घेतलं तरी चालतं कारण आयुर्वेदिकला साइड इफेक्ट नसतो, आणि डॉक्टरला विचारूच नका कारण ते नाहीच म्हणणार. मी मेडिकल चालवतो. हा मेसेज मोबाइलवर उघडून काउंटरवर ठेवणारी माणसं बहुतेक साठीच्या पुढची असतात, गोळी बंद करू का असं विचारतात, त्यातली काही तर बंद करून आलेली असतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

‘बीपी हा आजारच नाही, कंपन्यांनी धंद्यासाठी आकडा खाली आणला.’

आकडा खाली आला हे खरंय. १९७८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना १६०/९५ पासून पुढे हाय बीपी धरायची, नंतर ते १४०/९० झालं, अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१७ मध्ये १३०/८० केलं. पण आपल्या सरकारी दवाखान्यात आजही १४०/९० च धरतात, आणि १२०/८० च्या वर गेलं की लगेच गोळी, असं कुठेच नाहीये. राहता राहिला ‘आजारच नाही’ हा भाग. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, त्या दिवशी त्यांचं बीपी ३००/१९० होतं आणि ते खाली आणेल असं धड औषध तेव्हा कुणाकडेच नव्हतं. पुढे १९६७ मध्ये तिथल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांमधला अभ्यास छापून आला, बीपीचा खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष, साधारण निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना औषध नसलेली दिसायला तशीच गोळी. औषध नसलेल्यांत २७ जणांना गंभीर त्रास झाला, औषधवाल्यांत २ जणांना. त्यानंतर बीपी त्यांच्यापेक्षा कमी वाढलेल्या लोकांवरही असेच अभ्यास होत गेले, त्यांनाही फायदा दिसला, आकडा खाली येण्यामागे ते आहेत.

‘आयुर्वेदिकला साइड इफेक्ट नसतो.’

यावर मला जास्त बोलायचंय, कारण सगळा धोका इथेच आहे. वर सांगितलेल्या अभ्यासात जी औषधं दिली त्यातलं एक होतं रेसरपिन, आणि ते येतं आपल्या सर्पगंधेच्या मुळीतून! कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच सर्पगंधेबद्दल लिहिलं होतं, मग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी तिचा बीपीच्या पेशंटवरचा अनुभव १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगाच्या मासिकात छापला आणि जगाचं लक्ष गेलं, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं. मला याचा मनापासून अभिमान वाटतो. पण याच रेसरपिनने नाक चोंदणं, सुस्ती, नाडी मंद होणं, मोठ्या डोसमध्ये मन खचून जाणं असे त्रास दिसले, म्हणून डोस कमी केला आणि नंतर दुसरी औषधं आल्यावर ते मागे पडलं. म्हणजे सर्पगंधा खरंच काम करते आणि काम करते म्हणूनच तिचे त्रासही आहेत. ज्यांना आधीच बीपीची एटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल गोळी चालू आहे त्यांची नाडी त्या गोळीने हळू झालेली असते, वरून घरी उकळलेली सर्पगंधा, किती ग्रॅम मुळी, किती ताकद, काहीच मोजलेलं नाही, आणि मग उठल्यावर डोळ्यासमोर अंधारी आली की दोष गोळीला.

ज्येष्ठमधाचं तर उलटंच आहे, ते बीपी वाढवतं. घशासाठी एखादी कांडी चघळली तर बहुतेकांना काही होत नाही, पण रोजचा काढा वेगळा. त्यातलं ग्लिसरायझिन किडनीतलं एक एन्झाइम अडवतं, त्यामुळे शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकतं. त्यात जर क्लोरथॅलिडोनसारखी लघवीची गोळी चालू असेल तर ती पण पोटॅशियम कमी करते, दोन्ही मिळून ते इतकं उतरू शकतं की हातापायातली ताकद जाते, हृदयाचे ठोके चुकतात. बीपी कमी करायच्या काढ्यात ज्येष्ठमध घालणाऱ्याने हे बघितलेलंच नाही.

लसणाने बीपी थोडं उतरतं असं अभ्यासात दिसलंय, थोडंच, आणि फोडणीतला लसूण सगळ्यांनी बिनधास्त खावा, पण लसणाच्या कॅप्सूल ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत घेणार असाल तर रक्त जास्त पातळ होऊ शकतं, दात काढायच्या किंवा ऑपरेशनच्या आधी हे सांगायलाच हवं. अर्जुनसाल हृदयासाठी जुनी, पण बीपीच्या गोळीची जागा घेईल असा पुरावा नाही.

‘गोळ्यांनी किडनी जाते.’

किडनी जाते ती बरीच वर्षं चढ्या राहिलेल्या बीपीने. उलट लोसार्टन आणि इर्बेसार्टन या बीपीच्या गोळ्यांनी डायबेटिसवाल्यांची किडनी खराब होण्याचा वेग कमी होतो हे २००१ मध्येच दाखवलं गेलंय. टेल्मिसार्टन त्याच घरातली. या गोळ्यांवर क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम मधूनमधून तपासावं लागतं, जुलाब-उलट्या होत असतील तर गोळी चालू ठेवायची का ते फोन करून विचारावं लागतं, हे खरंय आणि डॉक्टरांनी ते नीट सांगायला हवं. आणि किडनीचीच काळजी असेल तर कुठल्याही लेबलाशिवाय मिळणाऱ्या भस्मांची आधी करा, अमेरिकेत बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं, २००४ ची गोष्ट.

‘सैंधव खा, त्याने बीपी वाढत नाही.’ सैंधव जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे. वाढतं.

‘गोळी सोडली तरी मला काहीच झालं नाही, काढ्याने बरं वाटलं.’

अम्लोडिपिन ही बीपीची गोळी शरीरातून निम्मी जायलाच ३० ते ५० तास लागतात, म्हणजे गोळी थांबवल्यावर दोन-तीन दिवस तिचाच असर चालू असतो आणि क्रेडिट काढ्याला जातं. शिवाय बीपी वाढलेलं बहुतेकांना जाणवतच नाही, डोकं दुखेल मग कळेल असं नसतं. गोळीचं व्यसन लागतं म्हणतात तेही चूक, आतलं कारण तसंच आहे म्हणून गोळी थांबली की बीपी परत चढतं. मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडीन अचानक बंद केलं तर मात्र आधीपेक्षाही जोरात उसळी मारू शकतं.

‘डॉक्टरला सांगू नका.’

दोन्ही एकत्र घेणारी माणसं भरपूर आहेत, घेऊ द्या ना, फक्त दोघांनाही माहीत पाहिजे. बीएएमएस वैद्यांकडे गेलात तर चालू गोळ्यांची स्ट्रिप दाखवा, एमबीबीएस डॉक्टरकडे गेलात तर काढ्याची बाटली, चूर्णाचा डबा सरळ टेबलावर ठेवा. कुणी रागावलं तरी सांगा. गोळी कमी करता येईल का हे पण विचारा, वजन उतरलं, मीठ कमी झालं, चालणं आणि प्राणायाम नियमित झाला तर कधीकधी डोस खरंच कमी होतो, पण तो घरी मोजलेले आकडे बघून डॉक्टर करतात. आणि बीपी बरं करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे.

ज्यांनी मेसेज वाचून गोळी आधीच बंद केलीये त्यांनी आजच बीपी मोजून घ्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मोजतात, पाच मिनिटं शांत बसून मग मोजा, आणि तो आकडा घेऊन डॉक्टरकडे जा. १८०/१२० च्या वर असेल आणि छातीत दुखतंय, बोलताना जीभ अडखळतेय, एक हात जड पडलाय असं काही असेल तर उद्यावर टाकू नका, १०८ लावा.