समुद्राकडे पाठ फिरवून देशप्रेम कसं करावं

देशभक्त व्हायचंय ना? मग पहिलं पथ्य पाळा: समुद्राचं नाव काढू नका. सीमा म्हणजे बर्फ, वाळवंट आणि काटेरी तार. टीव्हीवर तेच शोभतं. आपला सुमारे ९५ टक्के माल समुद्रमार्गे ये-जा करतो, असं एखादा भोचक पाहुणा सांगू लागेल. त्याला चहा द्या आणि विषय गलवानवर न्या. तो चहा ज्या सिलिंडरवर उकळला, त्यातला बराचसा गॅस आखातातून बोटीनंच येतो, हे बोलून दाखवायची काही गरज नाही.

२०२३च्या अखेरीस येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि नाशिकच्या द्राक्षांचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून युरोपकडे निघाले. वाट लांबली, भाडं चढलं. अशा वेळी आपण फक्त द्राक्षं इथे स्वस्त मिळतील का, तेवढी चौकशी करावी.

आता मार्च २०२४चं प्रकरण. आपल्या किनाऱ्यापासून तब्बल २६०० किलोमीटरवर आपल्या नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ या युद्धनौकेनं सोमाली चाच्यांनी पळवलेलं ‘रुएन’ हे मालवाहू जहाज अडवलं. ४० तास खेळ चालला. हवाई दलाच्या सी-१७ विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो भर समुद्रात उतरवले. १७ खलाशी सुखरूप सुटले आणि ३५ चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले. जहाजावर झेंडा माल्टाचा, खलाशांत भारतीय एकही नाही. तेव्हा तावातावानं विचारा, ‘मग आपल्या पैशाचं डिझेल कशाला जाळलं?’ चाचे मोकाट सुटले की जहाजांचा विमा महागतो आणि तो फिरून आपल्याच तेलाच्या पिशवीवर बसतो, असं कुणी समजावू लागलं, तर फोन आल्याचं सोंग करून गॅलरीत जा. ही ‘कोलकाता’ मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली. तुम्ही हार्बर लाइनचे असाल, तर तिथल्या डॉकयार्ड रोड स्टेशनला किती गर्दी चढते एवढं ठाऊक असलं तरी पुरे.

कृतज्ञता मात्र दाखवावी, त्यात आपला हात कोण धरणार! १९७१मध्ये पूर्व पाकिस्तानची सागरी कोंडी करणारी जुनी विमानवाहू नौका ‘विक्रांत’ निवृत्त होऊन मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४मध्ये ती आपण सुमारे ६० कोटींना भंगारात काढली. पुढे तिच्या पोलादातून मोटारसायकल निघाली. इतिहासावर मांड ठोकून बसायची सोय आणखी कुठल्या देशात आहे, सांगा!

राहता राहिला किनारा. २६/११ला कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत रबरी होडीतून उतरलेल्या तरुणांना ‘कोण तुम्ही?’ असं कोळ्यांनी हटकलं होतं. म्हणून काही सागरी सुरक्षेवरच्या परिसंवादाला कोळणीला बोलवायचं नसतं. तिथे निवृत्त अधिकारी आणि निवेदक पुरतात. तिच्याकडे रविवारी सकाळी जावं, पापलेटचा भाव पाडायला.