एकदम लोरेंझो

इंदूरच्या सराफ्यात रात्री साडेबाराला, हातात गराडूची, म्हणजे तळलेल्या कंदाची, प्लेट असताना, माझ्या भाच्यानं मला शिवी दिली. शब्द शिवीचे नव्हते. "मावशी, तू तर एकदम लोरेंझो होऊन गेली," एवढंच म्हणाला. लोरेंझो म्हणजे मोटारसायकल शर्यतींतला रायडर. त्याचे तीन मित्र फिदीफिदी हसले, एकाला जिरावण मसाल्याचा ठसका लागला, आणि मीही हसण्यावारी नेल्यासारखं केलं. डिसेंबरातली गोष्ट. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनला परत येऊन बरेच दिवस झाले, तरी डिशवॉशर लावताना मी त्या पोराला अजून उत्तरं देते आहे.

वाद माझ्यावरून सुरू झालाच नव्हता. मार्क मार्केझनं सप्टेंबर २०२५ मध्ये जपानमध्ये मोतेगीला मोटोजीपीचं, म्हणजे मोटारसायकल शर्यतींतल्या सगळ्यात वरच्या गटाचं, सातवं अजिंक्यपद घेतलं आणि पुढच्याच रविवारी इंडोनेशियात पडून उजवा खांदा दुखावून घेतला. त्यावर पोरांची जुंपली होती. भाचा मार्केझच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या, रॉसीच्या बाजूचा. ते त्याला वारशानं मिळालंय, जिजाजींच्या पल्सरवर रॉसीचा पिवळा ४६ नंबर तो जन्मायच्या आधीपासून चिकटलेला आहे. २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाला एकदाची मोटोजीपी झाली तेव्हा बाप-लेक इंदूरहून रेल्वेनं गेले, रॉसीच्या संघाचा बेझेकी जिंकला, आणि घरी दिवाळी आधी आली. समोरच्या पोराचं म्हणणं होतं, "ओ भिया, कोहनी घिसता है बंदा! इसको बोलते हैं स्टाइल." तर भाचा म्हणे, घासणं म्हणजे स्टाईल नाही, मार्केझ नुसता पडतो आणि पडता पडता वाचतो, स्टाईल पाहायची तर रॉसीची. वळणाआधी पाय खाली सोडतो, ते बघ.

मी मध्ये तोंड घातलं ही चूक. म्हटलं, लोरेंझोचं काय? तीन वेळा मोटोजीपी जिंकलाय की. तर त्या कोहनीवाल्यानं हात झटकला, "वो तो बैंक का बाबू है." आणि भाच्याला एकदम साक्षात्कार झाला. कारण त्याच संध्याकाळी मी हेल्मेट असल्याशिवाय त्याच्या मागे बसणार नाही म्हणून पाऊण तास घर डोक्यावर घेतलं होतं.

आता मुद्द्याचं. होर्हे लोरेंझोनं स्वतःच्या गाडी चालवण्याला 'हातोडा आणि लोणी' असं म्हटलं होतं. लोणी म्हणजे हाताची हालचाल: ब्रेक हळू सोडायचा, गाडी एका लांब कमानीत टाकायची, वळणातला वेग मोडू द्यायचा नाही, एक्सिलरेटर असा उघडायचा की मागच्या चाकाला पत्ता लागू नये. हातोडा म्हणजे हेच फेरीमागून फेरी, तसंच, त्याच जागी, पुढचा माणूस टेकीला येईपर्यंत. टीव्हीवर यात पाहण्यासारखं काही नसतं. मार्केझ याच्या अगदी उलटा. ब्रेक धरूनच वळणात शिरतो, पुढच्या चाकावर नको तेवढा भार टाकतो, ते घसरलं की गुडघ्यानं आणि कोपरानं जमीन ढकलून गाडी पुन्हा उभी करतो. साठ अंशांच्याही पलीकडे कललेली गाडी. हे बघताना माझ्याही तोंडून आई गं निघतं, मी काही दगड नाही. पण पोरं त्यातलं कोपर तेवढं उचलतात. त्या कोपराखालच्या टायरला शर्यतीआधी विजेची गोधडी पांघरून नव्वदेक अंशांपर्यंत तापवलेलं असतं, हे कोणी इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर रात्री अकराला कट मारणाऱ्या पोरांना सांगत नाही. तिथं टायरखाली वाळू असते, आणि वाळूवर एखादी गाय.

आणि रॉसीचा तो खाली सोडलेला पाय! त्याचं कारण काय, यावर खुद्द रायडरांचंही एकमत नाही. कोणी तोल म्हणतं, कोणी सवय. पण त्याच्यामागून सगळ्यांनी पाय सोडायला सुरुवात केली. इकडे पल्सरवाल्यांनीही.

मला राग येतो तो आवडीनिवडीचा नाही. स्टाईल म्हणजे जणू रक्तगट, जन्मतः मिळतो आणि बदलत नाही, असं धरून घरी भांडतात त्याचा. साठच्या दशकातला माईक हेलवूड गुडघे टाकीला चिकटवून बसायचा, कारण तेव्हाच्या टायरांवर तसंच शहाणपणाचं होतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी केनी रॉबर्ट्स अमेरिकेतल्या मातीच्या ट्रॅकवरून आला, सीटवरून अर्धा बाहेर लटकून गुडघा डांबराला लावायला लागला, आणि १९७८ पासून सलग तीन वर्षं अजिंक्य झाला. त्यानंतर गुडघे टाकीला चिकटवून कोण जिंकणार? टायर बदलला, ब्रेक बदलले, की माणूस बदलतो. नाही बदलला तर मागे राहतो. खुद्द रॉसी पस्तिशीत नव्या पोरांसारखा खाली झुकायला शिकला, आणि छत्तिसाव्या वर्षी, २०१५ मध्ये, अवघ्या पाच गुणांनी अजिंक्यपद हुकला. कोणाकडून? बँकेच्या बाबूकडून. हे मी सराफ्यात बोलले नाही. तिथं सुचलं नाही.

खरं तर क्रिकेटवाल्या मुश्ताक अलींच्या गावात, इंदुरात, स्टाईलवर वाद व्हायचाच. आमच्या आजोबांनी त्यांना होळकर संघाकडून खेळताना पाहिलं होतं आणि ते पाहणं त्यांना शेवटपर्यंत पुरलं. १९३६ ची मँचेस्टरची सलामी घरात आरतीसारखी म्हटली जायची: २०३ धावांची भागी, मुश्ताक ११२, पुढे सरसावून मारलेले फटके, परदेशात कसोटी शतक ठोकणारा पहिला भारतीय. दुसऱ्या टोकाला विजय मर्चंट होते. त्यांनी ११४ केल्या, दोन जास्तच. हे मला चाळिशीत कळलं, तेही इथं बसून. आजोबांनी कधी सांगितलं नव्हतं. बरं, संथपणाचं इंदूरला वावडं म्हणावं, तर उस्ताद अमीर खाँही त्याच मातीतले. त्यांच्या अतिविलंबित ख्यालापुढे लोरेंझोसुद्धा घाईत वाटेल, आणि तिथं मात्र हीच माणसं डोळे मिटून माना डोलावतात. असो.

इथलं सांगते. आसेन माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. १९४९ पासून एक २०२० सोडलं तर दर वर्षी तिथं अजिंक्यपदाची शर्यत झाली आहे, जगात दुसऱ्या कुठल्या ट्रॅकला हे सांगता येत नाही. मी पहिल्यांदा गेले २०१५ साली, तेव्हा शर्यत शनिवारीच असायची. शेवटच्या फेरीत शेवटच्या दुहेरी वळणावर मार्केझ आतून घुसला, रॉसीला धक्का बसला, रॉसी सरळ खडीतून गाडी काढत जिंकला. जिजाजी आजही त्या खडीवर पंधरा मिनिटं बोलतात. मी त्याच वळणाच्या स्टँडवर होते, हे मी इंदुरात प्रत्येकाला सांगितलंय. काय दिसलं ते सांगितलेलं नाही. पुढच्या माणसानं रॉसीचा पिवळा झेंडा उभारला होता. मी ते मोठ्या पडद्यावर पाहिलं, जसं भाच्यानं घरी बापाच्या मांडीवर बसून पाहिलं, बहुधा माझ्यापेक्षा नीट.

त्या दिवशी मला खूप आवडलं ते दुसरंच. मार्केझचा झेंडा आणि रॉसीचा झेंडा शेजारी शेजारी बसून एकाच पुड्यातली फ्रीत, म्हणजे तळलेले बटाटे, खात होते. शर्यत संपली, हजारो मोटारसायकली एकेरी रांगेत शेतातून बाहेर पडल्या, कोणी हॉर्न मारला नाही. फोनवर मी हेच ऐकवते: बघा, प्रेम करावं तर असं. आदल्या रात्री आसेन गावात काय चालतं ते ऐकवत नाही. गुडघाभर प्लॅस्टिकचे बियरग्लास, आणि जागच्या जागी रेस देऊन कानठळ्या बसवणारे पन्नाशीचे बाप्ये. सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलेल्या गावाला ते कसं सांगू?

मोटारसायकलचं लायसन्स मी इथं अडतिसाव्या वर्षी काढलं. वाटलं, आपल्याला काय शिकवणार. बाबा पीथमपूरला कायनेटिक होंडाच्या कारखान्यात होते. दहावीच्या सुट्टीत मी स्कूटर शिकले, महू नाका ते राजवाडा डोळे मिटून यायचे. बाबांची शिकवण एकच होती, उजव्या हाताच्या, म्हणजे पुढच्या, ब्रेकला हात लावायचा नाही, तो दात पाडतो. तर इथं पहिल्याच तासाला मास्तरनं माझा मागचा ब्रेक बंद केला आणि म्हणाला, आता थांबून दाखव. पुढच्या ब्रेकवर. मी अख्खं मैदान ओलांडून कुंपणापाशी थांबले. मोठ्या गाडीचं थांबणं बहुतेक पुढच्याच चाकावर असतं, शर्यतीत तर मागचं चाक हवेत उचललं जातं. आणि मी वीस वर्षं त्या ब्रेकला साप समजत होते.

मग शंकू आले. चालण्याच्या वेगानं, सात शंकूंच्या मधून, पाय न टेकता. क्लच अर्धा, मागचा ब्रेक किंचित, नजर वर. माझी नजर शंकूवर. ज्या शंकूकडे बघायचे त्यालाच धडकायचे. हेल्मेटमधल्या स्पीकरवर मास्तर ओरडायचा, "काइकन! काइकन!" बघ, बघ. मी बघतच होते, पण जिथं पडायची भीती तिथं. पहिल्या परीक्षेत नापास झाले. मार्केझ चांगला की लोरेंझो यावर तासन्‌तास बोलणारी बाई सायकलपेक्षा हळू चालवता येत नाही म्हणून नापास! घरी सांगितलं, पावसानं परीक्षा पुढे ढकलली.

दुसऱ्यांदा पास झाले तेव्हा परीक्षक एकच शब्द बोलला, "नेट." नीटनेटकं. त्या शब्दानं मी दोन दिवस हवेत होते. तेव्हा कळायला हवं होतं, माझं काय होत चाललंय ते.

लोरेंझोबद्दल आणखी एक. नऊ वर्षं यामाहावर काढून तो २०१७ मध्ये डुकाटीवर गेला. लोणी तिथं चालेना. ती गाडी त्याच्या कमानीत वळायची नाही, ब्रेक मारताना टेकायला आधार नव्हता, अर्ध्या शर्यतीत हात भरून यायचे. वर्षभर एकही विजय नाही. सगळे म्हणाले, संपला. रॉसीचीही त्याच गाडीवर दोन वर्षं कोरडी गेली होती आणि तो मुकाट्यानं यामाहाकडे परतला होता. पण २०१८ मध्ये इटलीतल्या मुजेलोच्या शर्यतीला लोरेंझोच्या टाकीचा आकार बदलला, ब्रेकच्या वेळी अंग टेकवायला जरा जागा मिळाली. इतकंच. त्याच रविवारी जिंकला, आणि लगेच बार्सिलोनालाही. पण तोवर त्याला जाऊ द्यायचं ठरलेलं होतं. मुजेलोनंतर आठवड्याच्या आत बातमी आली, पुढच्या वर्षी होंडा. होंडावर हाडं मोडून घेतली आणि २०१९ च्या शेवटी हेल्मेट खुंटीला टांगलं.

माझं मुजेलो म्हणजे मी इथल्या प्लंबरशी डचमध्ये भांडले आणि त्यानं बिलातले चाळीस युरो कमी केले तो दिवस. सातवं वर्ष होतं. त्या रात्री आनंदानं राजेंद्रनगरला फोन लावला, तर ताई म्हणाली, "अगं, तुझ्या खोलीत याचं अभ्यासाचं टेबल टाकलंय, चालेल ना? तू काय आता येत नाहीस." मी म्हटलं, चालेल की. त्यात न चालण्यासारखं काय होतं?

सराफ्यातून निघताना भाच्यानं किल्ली माझ्यापुढे धरली. "चल, दाखव तुझा लोरेंझो." बापाचीच पल्सर, टाकीवर ४६. तो हेल्मेटशिवाय मागे बसला, ते मी चालवून घेतलं, याची नोंद करते. राजवाड्यावरून जवाहर मार्ग, रात्रीचा एक, कडाक्याची थंडी. महू नाक्यावर लाल दिवा. चारी बाजूंना चिटपाखरू नाही. मी थांबले. मागून एक दूधवाला आमच्या बाजूनं निघून गेला, जाताना वळून बघून गेला, काही झालंय का म्हणून.

हिरवा झाला. मी वळले, सुरेख कमान, नजर वर, हळूच एक्सिलरेटर, लोणी. आणि अन्नपूर्णा रोडला थेट उजव्या बाजूला लागले. तेरा वर्षांची सवय. समोरून एक ऑटो येत होती. मला भाच्याच्या नखांची पकड खांद्यावर जाणवली, पण ओरडायला त्याला वेळच मिळाला नाही, कारण ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला नाही, दिवा मारला नाही, वेगही कमी केला नाही. थोडं अंग चोरलं आणि आमच्या डावीकडून निघून गेला, रोज असंच होत असल्यासारखा.